काचबिंदू, महामारी आणि नागपूरच्या फेऱ्या

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे आपल्याकडे एका दमात घेतली जातात, आणि पहिली गफलत तिथेच होते. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. जेवढी उरली आहे तेवढी राखणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. म्हणून मोतीबिंदूला 'पिकू द्या, हंगाम झाल्यावर पाहू' असे म्हणणारा शेतकरी काचबिंदूलाही तेच म्हणू लागला, की तो आपल्याच हाताने दिवा मालवीत असतो.

या अंकात आम्ही काचबिंदूविषयी लिहीत आहोत, पण थोड्या वेगळ्या बाजूने. २०२० साली कोरोनाची महामारी आली, तेव्हा काचबिंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आपल्या नेहमीच्या निवडी बदलाव्या लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये ती आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु त्या दिवसांत डॉक्टरांना जो प्रश्न पडला, तो सावरगाव, पांढुर्णा आणि सौसरच्या शेतकऱ्यापुढे आजही उभा आहे: रुग्ण पुन्हा पुन्हा येऊ शकत नसेल, तर त्याच्यासाठी उत्तम उपचार कोणता?

दुखणे काय आहे?

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. हे अश्रूंचे पाणी नव्हे, डोळ्याला आतून पोसणारे पाणी. जेवढे तयार होते तेवढेच ते बाहेर वाहून जायला हवे. त्यासाठी बुबुळाच्या कडेला, जिथे ते पांढऱ्या भागाला मिळते तिथे, आतल्या बाजूस एक अतिशय बारीक चाळणी असते. ठिबकच्या नळीत क्षार साचून तिची छिद्रे बुजावीत, तशी ही चाळणी बुजू लागली किंवा तिच्याकडे जाणारी वाटच अरुंद झाली, की पाणी तुंबते आणि डोळ्याच्या आतला दाब वाढतो. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो.

तो वाढून राहिला की डोळ्यामागची नस हळूहळू सुकत जाते. काही जणांची नस दाब या मर्यादेत असतानाही सुकते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, डोळ्याच्या आतली नसही पाहावी लागते.

संत्र्याच्या बागेत पाणी साचले तर काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मुळे खाली कुजत असतात आणि वर पाने हिरवीगार दिसतात. फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात, तेव्हा झाड हातचे गेलेले असते. काचबिंदूचे तसेच आहे. आधी कडेची नजर जाते, समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. माणूस सुईत दोरा ओवतो, पण बाजूने येणारा बैल त्याला दिसत नाही. दुखत नाही, खुपत नाही. तमिळनाडूच्या खेड्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. तीत ज्यांना काचबिंदूचा नेहमीचा, सावकाश वाढणारा प्रकार आढळला, त्यांतील दहापैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हे दुखणे आहे याची कल्पनाच नव्हती.

दुसरा प्रकार एकाएकी येतो. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात. आपल्याकडे त्याला पित्त किंवा अर्धशिशी समजून घरगुती उपाय केले जातात. तसे करू नये. हे त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे दुखणे आहे.

महामारीचा पहिला घाव

चीनमधील वुहान शहरात ली वेनलियांग नावाचे एक तरुण डॉक्टर होते. नव्या साथीबद्दल आपल्या सोबत्यांना त्यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस सावध केले आणि त्याबद्दल पोलिसांची समज ऐकून घेतली. हे डॉक्टर नेत्रतज्ज्ञ होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी तपासलेल्या काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांना संसर्ग झाला, असे मानले जाते. त्या रुग्णाला ना ताप होता, ना खोकला. ७ फेब्रुवारी २०२० रोजी डॉक्टर ली वारले. त्यांचे वय अवघे तेहतीस होते.

डोळे तपासताना डॉक्टर आणि रुग्ण यांच्या तोंडांत जेमतेम वीतभर अंतर असते. म्हणून जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी आपल्या यंत्रांवर प्लास्टिकचे आडोसे लावले. हवेचा झोत सोडून दाब मोजण्याचे यंत्र अनेक ठिकाणी बाजूला ठेवले गेले, कारण त्या झोताने अश्रूंचे बारीक तुषार उडण्याची भीती होती. कडेची नजर मोजण्याच्या यंत्रापुढे मास्क लावून बसलेल्यांच्या श्वासाने भिंगावर वाफ धरू लागली आणि तपासणीत नसलेले दोष दिसू लागले. म्हणजे रोग ओळखण्याची साधनेच अडखळली.

आपल्या देशात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली. प्रवासी गाड्या थांबल्या. राज्याची सीमा ओलांडायला पास लागू लागला. मृग बहाराचा माल बागेत असताना ट्रक मिळेनात, ते दिवस आमचे वाचक विसरले नसतील. ज्या सीमेवर आपली संत्री अडली, त्याच सीमेवर आपले रुग्णही अडले. सावरगावहून नागपूर शंभरेक किलोमीटर. डोळ्यांच्या मोठ्या इलाजासाठी आपली वाट बहुधा तिकडेच जाते, आणि नागपूर पडते महाराष्ट्रात. त्यात नागपूरचे मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालये कोविडच्या कामाला जुंपली गेली.

डॉक्टरांची बाजूही सोपी नव्हती. त्या टाळेबंदीत देशातील १२६० नेत्रतज्ज्ञांची पाहणी झाली. त्यांतील ७२ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले, की आपण सध्या एकही रुग्ण तपासत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेक जण केवळ तातडीचे रुग्ण पाहत होते. अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेने २०२० मध्येच कोणते दुखणे तातडीचे आणि कोणते थांबू शकते, याविषयी मार्गदर्शन काढले. नेहमीचा मोतीबिंदू थांबू शकत होता. दाब आटोक्याबाहेर गेलेला काचबिंदू थांबू शकत नव्हता.

शस्त्रक्रिया कोणती करावी?

काचबिंदूची सर्वांत रुळलेली शस्त्रक्रिया १९६८ पासून चालत आली आहे. तिला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात. नाव अवघड आहे, काम समजण्यासारखे आहे. चाळणी बुजली म्हणून डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, पाणी निघायला एक नवी वाट करून द्यायची, जसा चिबड शेतात आपण चर खणतो. चांगली साधली तर ही शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे दाब खाली ठेवते.

परंतु नवा चर खणून चालत नाही, तो राखावा लागतो. शरीराचा स्वभाव जखम भरून काढण्याचा. तो ही वाटही भरून टाकू पाहतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, मग पहिला महिनाभर साधारण दर आठवड्याला आणि पुढे काही महिने अधूनमधून डॉक्टरांना दाखवावे लागते. कधी टाका सैल करावा लागतो, कधी बारीक सुईने वाट मोकळी करावी लागते. शस्त्रक्रियेचे निम्मे यश या फेऱ्यांत असते असे म्हटले तर वावगे होणार नाही.

महामारीत नेमक्या या फेऱ्याच अशक्य झाल्या. रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा. त्याला दर आठवड्याला गर्दीच्या रुग्णालयात बोलावणे म्हणजे डोळा वाचवताना जीव धोक्यात घालणे. आणि न बोलावणे म्हणजे नवी वाट बुजू देणे. अशा वेळी अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी निवड बदलली. जिथे शक्य तिथे कमी फेऱ्यांचा उपाय घ्यायचा, असे धोरण त्यांनी ठेवले.

त्यांतला एक उपाय म्हणजे लेसरने पाणी तयार करणाऱ्या भागावरच बाहेरून किरण सोडणे. चर खणायचा नाही, मोटारच थोडी मंद करायची. हे काम डोळ्याभोवती बधिर करून थोड्या वेळात होते, डोळा कापावा लागत नाही आणि नंतरच्या फेऱ्याही कमी. एरवी हा उपाय बहुधा जवळपास नजर गेलेल्या डोळ्यांसाठी राखून ठेवला जाई, कारण त्याने सूज येऊ शकते आणि काही जणांची नजर आणखी मंदावू शकते. महामारीत तो बऱ्यापैकी नजर असलेल्या डोळ्यांवरही अधिक वापरला गेला. भारतातील मोठ्या नेत्ररुग्णालयांतही कापण्याच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या आणि या लेसरचे प्रमाण वाढले.

दुसरा उपाय डोळ्यात बारीक नळी बसवण्याचा. मदुराईची ऑरोलॅब ही संस्था अशी नळी २०१३ पासून कमी किमतीत पुरवते. ही नळी बसवताना धाग्याने बांधून ठेवतात. साधारण सहा आठवड्यांनी धागा विरघळतो आणि पाणी वाहू लागते. तिलाही देखरेख लागते, पण टाके सैल करण्याच्या त्या साप्ताहिक फेऱ्या वाचतात.

तिसरा उपाय बुजलेल्या चाळणीवरच हलका लेसर मारण्याचा. त्याविषयी ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष महामारीच्या आधी, २०१९ सालीच आले होते. ज्यांना आधी लेसर दिला, त्यांतील सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय ठरलेल्या मर्यादेत होता. महामारीने या उपायाला बळ दिले आणि २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात नव्या रुग्णांना आधी हाच लेसर देऊ करावा असे आले. मात्र तो सुरुवातीच्या आणि मोकळ्या वाटेच्या काचबिंदूसाठी आहे. ज्यांची वाटच अरुंद आहे, त्यांच्या डोळ्यात लेसरने एक बारीक छिद्र पाडतात. आपल्या देशात हा अरुंद वाटेचा प्रकारही पुष्कळ आढळतो.

म्हणून कोणी असे समजू नये, की जुनी शस्त्रक्रिया वाईट ठरली. दाब फार खाली आणायचा असेल तेव्हा अनेक डॉक्टर आजही तीच करतात. बदल झाला तो हिशेबात. 'कोणता उपाय सर्वांत जास्त दाब उतरवतो?' या प्रश्नाला 'हा रुग्ण किती वेळा परत येऊ शकतो?' हा दुसरा प्रश्न जोडला गेला.

जे घरीच राहिले

शस्त्रक्रियेपर्यंत थोडेच पोचले. बाकीच्यांचे काय झाले? पुष्कळांचे थेंब संपले आणि आणायला वाट नव्हती. डॉक्टरांनी फोनवरून सल्ला द्यावा यासाठी केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजीच नियम काढले, एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली आणि टपाल खात्याने औषधे पोचवली. त्याने जुन्या रुग्णांची सोय झाली. पण फोनवरून डोळ्याचा दाब मोजता येत नाही.

थांबवता येणारा मोतीबिंदूही काहींच्या बाबतीत थांबला नाही. तो अति पिकून फुगला, त्याने पाण्याची वाट दाबली आणि मोतीबिंदूच्या पोटी काचबिंदू जन्मला. टाळेबंदीनंतर असे रुग्ण वाढल्याचे देशातील नेत्ररुग्णालयांत दिसून आले. 'पिकू द्या' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक धोका स्टेरॉइडचा. कोविडच्या गंभीर रुग्णांना या औषधाने जीवदान मिळाले. परंतु त्याच्या अतिरेकाने २०२१ मध्ये काळ्या बुरशीला वाट करून दिली, आणि ते जास्त दिवस घेतल्यास काही जणांच्या डोळ्यांचा दाबही वाढतो. आमच्या वाचकांना याचा संबंध रोजच येतो. कपाशीचे पाते लागते, संत्र्याचा काटा लागतो, फवारणीने डोळा चुरचुरतो. मेडिकलच्या दुकानातून थेंबांची बाटली येते, लाली जाते, बरे वाटते, आणि मग तीच बाटली वर्षभर चालते. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली उतरत असताना आतली नस सुकत असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात काहीही टाकू नये.

आपल्या गावचा हिशेब

आता मुद्द्यावर येतो. टाळेबंदी देशावर काही महिने होती. पण शेतकऱ्यावर एक टाळेबंदी दरवर्षी येते. जूनमध्ये पेरणी, मग डवरणी आणि निंदण, पोळा, पुढे कपाशीची वेचणी, आंबिया बहाराचा तोडा, मग मृगाचा. यांत कोणत्या आठवड्यात तो मोकळा असतो? नागपूरला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, सोबतीला मुलगा लागतो, त्याचाही दिवस जातो. शहरातला रुग्ण चार फेऱ्या मारतो तिथे आपला एक मारतो आणि 'आता बरे आहे' म्हणून थांबतो.

डॉक्टरांना हे कसे कळावे? आपण सांगत नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टर विचारतात, 'पुढच्या आठवड्यात याल ना?' आणि आपण मान डोलावतो. त्या होकारावर विसंबून ते फेऱ्यांची शस्त्रक्रिया निवडतात. महामारीत ही अडचण सर्वांनाच दिसत होती, म्हणून डॉक्टरांनी आपणहून निवड बदलली. आज ती अडचण फक्त आपल्याला दिसते. म्हणून बोलायचे आपणच.

तेव्हा आमचे सांगणे असे. शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी स्पष्ट बोला: 'डॉक्टरसाहेब, आम्ही मध्य प्रदेशातून येतो. पहिल्या महिन्यात इतक्या वेळा येऊ शकू, त्याहून जास्त नाही. अशा माणसासाठी कोणता उपाय योग्य?' हे विचारण्यात लाज नाही. चांगल्या डॉक्टरला ही माहिती दाबाच्या आकड्याइतकीच मोलाची असते. ते कदाचित लेसर सुचवतील, कदाचित नळी, कदाचित शस्त्रक्रियेची तारीख हंगामानंतर घेतील, किंवा मधली तपासणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे करायला सांगतील. आणि ते म्हणाले, की तुमच्या डोळ्याला फेऱ्यांचीच शस्त्रक्रिया हवी, तर मग घरच्यांनी बसून त्या फेऱ्यांची तजवीज आधी करावी. वेचणीला मजूर लावता येतो, पण नजरेच्या जागी दुसरे काही लावता येत नाही.

थेंबांचेही तसेच. आम्ही घरोघर ऐकतो, 'मले बराबर दिसते, मंग औषध कायले टाकू?' दिसते ते औषधामुळेच. थेंब रोज ठरल्या वेळी टाकावेत. एक थेंब पुरतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा, कारण टिमोलॉलसारखे थेंब अशांना बाधू शकतात. आणि शेवटचा थेंब पडण्याची वाट न पाहता दुसरी बाटली घरात आणून ठेवावी. टाळेबंदीत ज्यांच्या घरी एक बाटली जादा होती, त्यांचा महिना निभावला.

गोटा लागलेल्या डोळ्याचे काय?

हा भाग आपल्याच गावासाठी लिहिणे भाग आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यात गोटमार होते, आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. प्रथेच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. डोळ्यापुरते बोलतो. डोळ्यावर बोथट मार बसला की आतली चाळणी फाटू शकते. सूज उतरते, नजर परत येते, माणूस विसरून जातो. पण फाटलेल्या जागी व्रण धरतो, आणि काही महिन्यांनी, कधी दहा-वीस वर्षांनीही, त्या एका डोळ्यात काचबिंदू उतरतो. गोट्यानेच नव्हे, बैलाच्या शिंगाने, चेंडूने, लाकडाच्या ढलपीनेही हेच होते. ज्याच्या डोळ्याला असा मार कधीही बसला असेल, त्याने तो डॉक्टरांना सांगून वर्षातून एकदा दाब तपासून घ्यावा, आणि हे जन्मभर करावे.

तपासणी कोणी करावी?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा दाब आणि डोळ्यामागची नस तपासून घ्यावी. ज्यांचे आईवडील किंवा सख्खे भावंड काचबिंदूचे रुग्ण आहेत, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना मोठा उणे नंबर आहे, ज्यांनी स्टेरॉइड बरेच दिवस घेतले आहे, त्यांनी अधिक लवकर आणि पुन्हा पुन्हा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. घरात एकाला काचबिंदू निघाला तर बाकीच्यांनाही पाठवावे.

नागपूरची फेरी एकट्याला जड जाते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात थोडी विचारपूस केली, तर एकाच आठवड्यात जाणारे तीन-चार जण सहज निघतील. एका गाडीत गेले तर भाडे वाटले जाते, एक सोबती सर्वांना पुरतो आणि कोणाची फेरी चुकत नाही. येत्या रविवारी ज्यांच्याकडे पुढच्या तपासणीची चिठ्ठी आहे, त्यांनी ती खिशात घालून यावी.